पाट्याखालचा लॅपटॉप

नातीचा लॅपटॉप मी चटणी वाटायच्या पाट्याखाली ठेवला, तेव्हा माझं डोकं पूर्ण ठिकाणावर होतं.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण अल्लीपुरात आता वेगळंच सांगतात. मी शिकलो दुसरीपर्यंत. (तिसरीत गुरुजींचं आणि माझं एका गोष्टीवरून पटलं नाही. चूक त्यांची होती.) पण कापसाची गाडी दाबावी तर मीच, हे गावात आजही कोणालाही विचारा! कापूस म्हणजे फुगणारी वस्तू. नुसता भरला तर अर्ध्यातच गाडी भरून जाते. त्यावर उभं राहून आधी कडेकडेनं पाय द्यायचा, मग मधात येऊन तुडवायचा. चाळीस वर्षं तुडवला. आपल्या गाड्या भरायला लोक मला घरून बोलावून न्यायचे. तेव्हा फुगलेल्या वस्तूचं काय करायचं असतं, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

माझी नात पल्लवी घरी बसून लॅपटॉपवर शहरातल्या पोरांना गणित शिकवते. एका दुपारी ती हिंगणघाटला गेली होती आणि लॅपटॉप पलंगावर पडला होता. पाहतो तर झाकण नीट बसेना. खालचं पोट असं वर आलेलं, जसा ओला चारा खाऊन फुगलेला बैल! मी हातानं दाबलं. पुन्हा वर. गुडघा दिला. पुन्हा वर! आता माझा स्वभाव असा, की एखाद्या वस्तूनं माझ्याशी हट्ट केला तर मी तिच्याहून जास्त करतो. स्वयंपाकघरातून पाटा आणला, बरोब्बर मधोमध ठेवला आणि शांतपणे सुपारी कातरत बसलो.

दोन घंट्यांनी पाटा जागेवर नेऊन ठेवला. लॅपटॉप बऱ्यापैकी सपाट दिसत होता. म्हटलं, पोरगी खूश होईल. आपण बोलायचं नाही. गुप्तदान!

संध्याकाळी पोरगी आली आणि किंचाळली.

"आबाजी! हे पाहा, बॅटरी फुगली याची!"

"आता? दुपारी तं..." म्हणालो आणि जीभ चावली.

"हात नोका लावू! पेटते हे कधी कधी. दाबली तं भडकाच होते!"

सुपारी तोंडात तशीच राहिली. ज्या वस्तूवर मी गुडघा दिला होता, तिच्याविषयी ही माहिती जरा उशिरा मिळत होती.

"मंग आता?" मी विचारलं.

"वॉरंटी हाये. बॅटरी फुकटात बदलून देते कंपनी. पण चारच दिवस राह्यले. तेवढ्यात नाई झालं तं माहे क्लास बंद. अन् आपल्या हातून दाब-बिब पडला असन, तरी देत नाई."

"मंग तं चांगलं झालं," मी म्हणालो. काय चांगलं झालं, ते मलाही कळलं नाही.

पल्लवीनं कंपनीला फोन लावला. मराठीसाठी अमुक आकडा दाबा म्हणे. तो दाबला की हिंदी सुरू! मग गाणं. मग एक बाई सांगायची, की तुम्ही आमच्यासाठी फार महत्त्वाचे आहात. अर्धा घंटा ती हेच सांगत राहिली, पण बोलायला कोणी येईना. (आमच्या सोयऱ्यांचंही असंच आहे.) शेवटी एक खरा माणूस आला आणि म्हणाला, लॅपटॉप कुरिअरनं पाठवा.

कुरिअरवाला आला. त्यानं ते पोट पाहिलं आणि तीन पावलं मागं सरकला.

"ताई, फुगलेली बॅटरी आमी नेत नाई. गाडी पेटते. नियम हाये."

पुन्हा फोन. कंपनी म्हणाली, कुरिअरनं आली तरच घेऊ. नियम आहे. म्हणजे जी वस्तू कोणी नेत नाही, ती पोचली तरच ते घेणार! इतकी साधी गोष्ट समजायला आमचे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी फोनमधला माणूस नरमला. म्हणाला, वर्ध्याच्या सर्व्हिस सेंटरला स्वतः घेऊन जा, पण पेट घेणार नाही अशा भांड्यातून न्या.

पल्लवी स्टीलचा डबा शोधू लागली. मी घमेलं काढलं, त्यात नाल्यातली कोरडी रेती भरली, लॅपटॉप जुन्या धोतरात गुंडाळून मधात पुरला.

"आबाजी, लोक हसतीन!"

"हसू दे. जळण्यापरीस हसणं बरं."

एसटीत घमेलं मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टर आला.

"बाबाजी, हे काय?"

"रेती."

"ते दिसून राह्यली. पण वर्ध्याले रेती काऊन नेऊन राह्यले? तहसीलदारानं पाह्यलं तं?"

"चोरीच्या रेतीचे टिप्पर जाते तवा कोणी विचारत नाई. अन् माह्या एका घमेल्याची चौकशी!"

सारी बस हसली. कंडक्टर खाली वाकून हळूच म्हणाला, "पण रेतीत काय हाये?"

"लॅपटॉप."

त्यानं माझ्याकडे पाहणं सोडलं आणि पल्लवीकडे पाहिलं. ती म्हणाली, "बरे हायेत ते." त्यानंतर त्यानं मला अर्ध्या तिकिटाचे सुटे पैसे फार प्रेमानं, एकेक मोजून हातावर ठेवले.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर गळ्यात ओळखपत्र घातलेला एक पोरगा आपल्या लॅपटॉपवर टकटक करत बसला होता. त्यानं आमचा लॅपटॉप धोतरातून सोडवला, रेती झटकली, आणि झाकणावर बोट ठेवून थांबला.

"काई वजन-गिजन ठेवलं होतं काय यावर?"

"नाई सर," पल्लवी म्हणाली. "मी यावर वहीबी ठेवत नाई."

"मधात दबलं हाये. अन् हे पिवळं काय?" त्यानं नाक जवळ नेलं. "लसूण?"

"आमच्या घरी मी, आजी अन् आबाजी. आजी याले भिऊन हात लावत नाई. अन् आबाजी कधी खोटं बोलत नाई, सर. विचारा त्यायले!"

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं. (दुसरी झालेल्या माणसाला त्यात बराच वेळ घालवता येतो.)

पोरगा भला होता. त्यानं विचारलंच नाही. म्हणाला, "जाऊ द्या ताई, बसमध्ये दबलं असन. 'बाहेरचा दाब' या रकान्यात 'नाही' लिहून टाकतो."

झालं होतं काम! आणखी एक मिनिट माझं तोंड बंद राहिलं असतं, तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण तो पोरगा झाकणावर बोट फिरवत पुटपुटला, "दिसते तं असं, का कोण्या अडाण्यानं वाकडंतिकडं काईतरी ठेवलं."

वाकडंतिकडं!

"वाकडं?" मी उठलोच. "अरे, बरोब्बर मधात ठेवला होता पाटा! चारी बाजूनं बोटं मोजून! चाळीस वर्षं कापूस दाबला मी, एक गाडी कलंडली नाई. अन् तू मले वाकडं म्हणतं?"

पोरानं झाकणावरचं बोट उचललं.

"पाटा?" पोरगा म्हणाला.

"आबाजी..." पल्लवी इतकी हळू म्हणाली, की त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बाबाजी, आता मले 'होय' लिहा लागते," पोरगा म्हणाला. "वॉरंटी गेली."

पल्लवीनं डोळ्याला ओढणी लावली. माझ्यानं तिकडं पाहवेना, म्हणून मी पोराच्या बोटांकडे पाहत राहिलो. तो एकेक अक्षर दाबत होता आणि प्रत्येक अक्षराला त्याचा लॅपटॉप पाळण्यासारखा हलत होता. टक, डुल. टक, डुल.

"थांब," मी म्हणालो. "तुहा डुलून राह्यला."

"टेबल वाकडा हाये."

"टेबल सरळ हाये. वाकडं काय असते ते मले समजते. उलटा कर त्याले."

त्यानं उलटा केला. पोट हे एवढं! आमच्याहून दोन बोटं जास्त. कंपनी तीच! पोरगा खुर्चीसकट मागं सरकला, थेट त्या कुरिअरवाल्यासारखा.

"यावर कोणं पाटा ठेवला होता?" मी विचारलं.

"कोणीच नाई, बाबाजी."

"मंग हा काऊन फुगला?"

त्यानं आधी आपल्या लॅपटॉपकडे पाहिलं, मग आमच्या.

"आमचा पहिले फुगला, मंग पाटा आला. फुगलाच नसता तं या वयात मले पाटा उचलाची काय हौस होती?"

आतून साहेब आले. दोन्ही लॅपटॉप शेजारी शेजारी पाहून त्यांनी बराच वेळ नियम वाचले. (आमच्यासाठी नव्हे, स्वतःसाठी वाचले असावेत.) शेवटी निकाल दिला. बॅटरी आपोआप फुगली, ती वॉरंटीत मिळेल. झाकण आजोबांनी दाबलं, ते वॉरंटीत मिळणार नाही. मला हा निकाल पटला. ज्याचं त्याच्याकडे!

निघताना तो पोरगा दारापर्यंत आला. "बाबाजी," तो हळूच म्हणाला, "रेती ठेवून जाता काय?"

रेती दिली. घमेलं परत आणलं.

बसमध्ये अर्धी वाट सरली. मग खिडकीकडे तोंड करून पल्लवीनं विचारलं, "खरंच बोटं मोजली होती?"

"चार-चार," मी म्हणालो. तिचे खांदे हलायला लागले. रडते की काय म्हणून वाकून पाहिलं, तर पोरगी हसत होती.

आठ दिवसांत नवी बॅटरी बसून लॅपटॉप घरी आला. झाकण अजून मधात दबलेलं आहे आणि पावसाळी हवेत त्याला चटणीचा वास येतो. पल्लवीनं त्यावर एक कागद चिकटवला. मोठ्या अक्षरात लिहिलं, 'यावर कोणीही काहीही ठेवू नये.' माझी दुसरी झाली असल्यानं तो मला पहिल्या फटक्यात वाचता आला.

पण चिकटपट्टी हलकी निघाली. काल पल्लवी बाहेर गेली होती आणि पंख्याच्या हवेनं तो कागद सारखा उडत होता. इतकी महत्त्वाची सूचना उडून गेली, तर घरात कोण काय ठेवून देईल याचा भरवसा नाही! म्हणून मी कागद सरळ केला, बरोब्बर मधोमध धरला आणि त्यावर वजन ठेवलं.

पाटा नाही ठेवला. तेवढी अक्कल आता आली आहे. वरवंटा ठेवला.