दर मिनिटाला एक नोंद

कणकवलीच्या कॉलेजात मी मायक्रोकंट्रोलर, म्हणजे उपकरणं चालवणारी छोटी चिप, शिकवतो. त्यातली फ्लॅश मेमरी ठरावीक, साधारण दहा हजार वेळाच पुसून लिहिता येते, मग ती जागा झिजते, यावरचा प्रश्न मी दर परीक्षेत घालतो. उत्तर चुकलं तर मार्क कापतो.

जामसंड्याची आत्या लेकीच्या बाळंतपणासाठी पंधरा दिवस मुंबईला निघाली. परसातल्या चार आंबाकलमांना पाणी घालायला शेजारीण तयार होती. आतोबांनी वारण्यापूर्वी स्वतःच्या हाताने बांधलेली ती शेवटची कलमं. "तिका कित्याक त्रास? मी बोर्ड बसयतंय," मी म्हणालो.

बोर्डावरच्या चिपमधला टायमर मिनिटं मोजणार, चोवीस तास भरले की पंप चालवणार. पण आमच्याकडची वीज दिवसातून चारदा जाते, आणि वीज गेली की बोर्ड मोजणी विसरतो. म्हणून दर मिनिटाला मी आकडा फ्लॅशमध्ये लिहायची सोय केली, एकाच जागी. या हुशारीवर मी इतका खूश झालो की ती आत्याला फोनवर दोनदा समजावली. तिने दोन्ही वेळा "बरां" म्हटलं.

अकराव्या दिवशी, शनिवारी, सहज बघायला गेलो तर कलमांनी माना टाकलेल्या. मी पडवीत लॅपटॉप उघडला. आधी टायमरवर संशय घेतला, त्याची मांडणी तीनदा बदलली. मग पंपाची वायर तपासली. मग वीजवाल्यांना शिव्या घातल्या. रविवारी दुपारी उलगडा झाला: फ्लॅशची ती जागा झिजली होती, त्यामुळे वीज येताच मोजणी शून्यापासून सुरू व्हायची आणि चोवीस तास कधी भरतच नव्हते. मी आनंदाने मांडीवर थाप मारली. जागा बदलत लिहिणारा नवा प्रोग्राम टाकला आणि निघालो. पंप बरोब्बर चोवीस तासांनी, सोमवारी दुपारी सुरू झाला.

दोन कलमं गेली. आत्या आल्यावर मी तिला सगळं खरं सांगितलं, झिजण्याच्या शास्त्रासकट. वाळलेल्या काड्यांवरून हात फिरवत ती ऐकत होती.

"शनिवार-आयतवार तू हयच होतंस मां?"

"होय."

"मगे हातान पाणी घालूक काय झाला?"

विहीर पडवीपासून दहा पावलांवर आहे. त्या दोन दिवसांत मी तिथून पाच-सहा वेळा पाणी काढलं होतं, माझ्या चहासाठी.