ताईचा कोरा कागद

माझी थोरली बहीण शाळेत चित्रकला शिकवते आणि मी त्याच शाळेत गणित. परीक्षा जवळ आली की मी तिचा तास मागून घेते, आणि ती निमूट देते. बावीस वर्षं मी असे तास गिळत आले आहे, तेव्हा तिचं कौतुक करायचा मला फारसा अधिकार नाही. तरी करणार.

महिन्यातून एका शनिवारी आसपासच्या शाळांचे चित्रकला शिक्षक एखाद्या वर्गात जमतात. एकमेकांकडून नवं शिकतात, मुख्याध्यापकांच्या नावाने बोटं मोडतात. नियम एकच, मुलांची चित्रं आणायची नाहीत, तिथे बसून स्वतःचं काढायचं. ताई दोनदा गेली आणि दोन्ही वेळा कोरा कागद घेऊन परतली. तिसऱ्यांदा मीच तिला हाताला धरून नेलं.

"आज जमलं नाही तर पुन्हा यायची नाही मी," जिना चढतानाच ती म्हणाली. "मुलांची चित्रं सुधारता सुधारता माझं कुठे गेलं, कोण जाणे."

टेबलावर किटली आणि दोन कांदे मांडले होते. सगळ्यांचे हात चालू झाले. ताई नुसती पेन्सिलीला टोक काढत बसली. अगं बाई, एक रेघ तरी ओढ! माझाच जीव वरखाली होत होता.

तिच्या समोर एक वयस्क सर बसले होते. ते म्हणाले, "बाई, माझ्या किटलीची तोटी फसलीये. जरा बघता का?"

ताई वाकली. सरांचा कागद न फिरवता तिने आपल्या बाजूनेच तोटी काढली. मग झाकण, दांडी, कांद्याचं सुटलेलं साल, सगळं भराभर. तिच्या बाजूने उलटं, सरांच्या बाजूने अगदी सुलटं. इतकी वर्षं ती मुलांच्या बाकासमोर उभी राहून अशीच काढत आली होती.

भानावर आल्यावर ती ओशाळली. "अहो, तुमचं अख्खं चित्रच खाल्लं की मी!"

"खाल्लं ते बरं केलंत. आता कोऱ्या कागदावर असंच, समोरच्यासाठी काढा."

ते खुर्चीतून उठले. ताईने मान वर केली आणि मला त्या समोरच्या खुर्चीत बसवलं. हळूहळू माझा चेहरा, तिच्या बाजूने उलटा, माझ्याकडे बघत कागदावर उमटू लागला. माझं नाक तिने जसंच्या तसं, थोराड काढलं. इतकं नीट मला कुणी कधी पाहिलं नव्हतं. माझे डोळे भरून आले, खांदे हलायला लागले.

"हलू नकोस गं," ती दटावून म्हणाली, "अजून कान राहिलाय."