खिडकीपुरतं झुडूप

माझ्या आत्याचा या जगात फक्त टेपवर विश्वास. आयुष्यभर शर्ट शिवल्यावर तिला ठाम कळलं होतं की गिऱ्हाईक पोट आत ओढून माप देतं आणि मग शिवणाऱ्याच्या नावानं खडे फोडतं. दूधवाला, डॉक्टर, मी, आम्ही सगळेच तिच्या लेखी पोट आत ओढलेले.

काकांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, अर्धांगवायू झाला आणि त्यांची कॉट मागच्या खोलीत खिडकीशी आली. खिडकीबाहेर शेजारणीच्या भिंतीपर्यंतचा जेमतेम दोन हातांचा बोळ. त्यात शेवाळ, एक फुटकी बादली आणि शेजारणीच्या मोरीचा पाइप. काकांनी दिवसभर तेच बघायचं, हे आत्याला सहन होईना. तिथे फुलं हवीत, आणि ती उशीवरून दिसली पाहिजेत, असं तिनं जाहीर केलं.

नर्सरीत मला हमाल म्हणून नेलं. आत्यानं टेप काढून झाडांचे घेर मोजायला सुरुवात केली. बोगनवेल बोळात मावेना, शिवाय काटे. नर्सरीवाल्यानं कण्हेर पुढे केली तशी ती माझ्या कानाशी आली. "कण्हेर विषारी असते. घरात आजारी माणूस आहे हे याला कुणी सांगितलं?" कुंतीची फुलं तिनं हळूच ओढून पाहिली, तारेनं बांधलेली तर नाहीत ना म्हणून. शेवटी बोळाच्या टोकांना दोन बुटक्या कुंती ठरल्या आणि खिडकीखाली सावलीत वाढणारं हायड्रेंजिया. याला फुलांचे निळे गेंद येतात, तेही बरोबर खिडकीच्या कठड्याच्या वर, असं नर्सरीवाला शपथेवर म्हणाला.

कुंती फुलल्या. हायड्रेंजिया मात्र नुसतं पानांनी माजलं. आत्या त्याची बडदास्त ठेवायची. थंडीच्या तोंडावर कापडाची जुनी कात्री घेऊन बोळात उतरायची आणि कठड्याच्या रेषेत सगळी टोकं सरळ कापायची, शर्टाचा घेर कापावा तशी. कापता कापता खिडकीतून काकांना गिऱ्हाइकांच्या कागाळ्या सांगायची.

पहिल्या वर्षी संशय नर्सरीवाल्यावर गेला, त्यानं भलतंच रोप गळ्यात मारलं म्हणून. पुढच्या वर्षी शेजारणीवर. ती मुद्दाम साबणाचं पाणी सोडते, आपल्या घरात चार फुलं दिसली तर तिच्या पोटात दुखतं. आत्या चहाचा कप घेऊन पाइपावर पाळत ठेवू लागली. तिसऱ्या वर्षीही झाड हिरवंच राहिलं, तेव्हा तिनं चपला घातल्या. आज शेजारणीची हजेरी घेतल्याशिवाय ती परतणार नव्हती.

आतून काकांनी हाक मारली. त्यांचे शब्द हळू निघायचे.

"तिनं काही केलेलं नाही. कळ्या धरतात. टोकांना. मी रोज बघतो. मग तू कात्री घेऊन येतेस."

आत्या चपलांसकट आत गेली. "तीन वर्षं बघताय? मग बोलला का नाहीत?"

"एरवी तू मशीनवर असतेस. कापायला आलीस की दुपारभर खिडकीत असतेस."

मला कुठे बघावं कळेना. आत्यानं त्यांच्याकडे पोट आत ओढलेल्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं बघितलं, आणखी काय काय लपवलंय ते एकदाच सांगून टाका म्हणाली आणि बाहेरच्या खोलीत गेली. 

त्या थंडीत कात्री बोळात गेली नाही. काजं-बटणांचं काम घेऊन आत्या मात्र जायला लागली. रोज दुपारी स्टूल टाकून खिडकीखाली बसायची. शेजारणीला ही नवी पाळत वाटली. तिनं पाइप बदलून घेतला.

मग एका दुपारी पहिला गेंद पुरता उमलला, निळा, कठड्याच्या वर. आत्या घाईनं उठून खिडकीत आली. मी आत काकांच्या उशाशी होतो.

"दिसतंय का?" तिनं विचारलं.

"नाही. तू मधे आहेस."

"सरकू?"

"नको," काका म्हणाले.