आमच्या घरात दूध उतू जात नाही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ती हे सदर माझ्याआधी वाचते, त्यामुळे तिला हे इथंच कळेल... तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही म्हणून लिहून सांगतोय, हेही तिच्या लक्षात येईल. येऊ दे.

आधीच सांगतो – असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी बारामतीत ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवतो. दूध उतू का जातं, हे दर वर्षी फळ्यावर आकृती काढून समजावतो. वर साय धरते, खालून वाफ येते, वाफेला वाट मिळत नाही, फेस चढतो. संपलं. त्यात लक्ष्मी नाही नि अवदसाही नाही.

आमचं लग्न झाल्यापासून आम्ही भाड्यानं राहिलो. घरमालकाला विचारल्याशिवाय भिंतीत खिळा ठोकायचा नाही, पाहुणे आले की पाण्याची टाकी किती भरली ते बघायचं. वंदनाला – माझ्या बायकोला – स्वतःचं घर हवं होतं. चाळिशी उलटल्यावर ते जुळून आलं. बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला, वस्ती संपून ऊस सुरू होतो तिथं, एका बागायतदारानं आपल्या रानात रो-हाऊसेस बांधली होती. सगळे त्याला आबा म्हणतात, मीही तेच म्हणतो.

घर बघायला गेलो तेव्हा आम्ही काय बघितलं? टाइल्स. नळाला प्रेशर आहे का. वंदनानं ओट्याची उंची स्वतःच्या कमरेला लावून बघितली. मी भिंतीवर टकटक केलं, जणू मला त्यातलं काही कळतं! पहिलं घर घेणारा प्रत्येक जण हेच करतो. ही जमीन कुणाकुणाची, त्या माणसांना जाऊन भेटावं, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. ते वकील बघेल. वकिलानं बघितलंही. म्हणाला, सगळं ठीक आहे, फक्त आबाच्या एका बहिणीचं हक्कसोडपत्र राहिलंय. कमल तिचं नाव, दिली वरकुट्याला. तिनं वडिलांच्या जमिनीतला वाटा सोडल्याशिवाय बँक कर्ज देणार नव्हती.

आता हे हक्कसोड प्रकरण आमच्या भागात कसं चालतं, सगळ्यांना ठाऊक आहे. बहिणीला साडीचोळी करायची, जेवू घालायचं, गाडीत बसवून आणायचं, अंगठा घ्यायचा. तिनं 'माझा वाटा?' म्हणून विचारलं की तिचं माहेर तुटलं. लाखमोलाच्या बागायतीचा भाव एक साडी! आणि वर म्हणायचं, आमच्या बहिणी लई समजूतदार.

तर आबा एके दिवशी कॉलेजवर आला.

"सर, कमल आलीया. तेवढं वळखदार म्हणून तुमी सही करा. मास्तर माणूस, तुमच्या शब्दावर कोण शंका घेनार?"

"अहो पण मी त्यांना कुठं ओळखतो?"

"मी वळखतो की! माजी भन हाय ती. तुमचंच कर्ज आडलंय सर, माजं न्हाय."

मी गेलो. रजिस्ट्रारच्या कचेरीत बाई बाकावर बसली होती, पदर पार कपाळाखाली. टेबलापलीकडच्या माणसानं मला विचारलं, "यांना ओळखता?" त्याच क्षणी आबा त्या बाईकडं वळून म्हणाला, "अहो बाई, जरा फुडं सरका."

अहो बाई.

आमच्याकडं भाऊ बहिणीला अहो म्हणत नाही. धाकटी असेल तर 'कमे' म्हणेल, 'अगं ए' म्हणेल, शिवी देईल. परक्या बाईला अहो. मला तिथंच कळलं. आधार कार्डावरचा फोटो कुणाचाही वाटावा असा होता, त्यावर ढकलता येईल – पण ते खोटं ठरेल. मला कळलं होतं. आणि मी म्हणालो, "हो, ओळखतो."

वास्तुशांतीला दोन्हीकडची माणसं आली. होम झाला, आणि वंदनानं नव्या पातेल्यात दूध ठेवलं. ते उतू घालायचं, मग नैवेद्य, मग पंगत. दूध तापलं, चढलं, पार कडेपर्यंत आलं... आणि खाली बसलं. गॅस मोठाच होता. परत चढलं, परत बसलं.

माझ्या सासूबाई निरवांगीच्या. त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या. "वंदे, पाणी घातलं काय गं त्यात?"

"नाही गं आई, सकाळी काढलेलं म्हशीचं आहे."

"मग हे असं काय करतंय? जावईबापू, तुमी एवढं शिकल्यालं, बघा की जरा!"

सगळे हसले. मीही हसलो. आवाज चढवून वाफ, साय, प्रथिनं वगैरे सांगितलं. दूध तोवर आटून घट्ट व्हायला लागलं होतं. शेवटी सासूबाईंनीच पळीनं थोडं ओट्यावर सांडलं आणि म्हणाल्या, "गेलं उतू. वाढा आता." पंगत उठली. पण जाताना त्यांनी घराकडं एकदा असं बघितलं, की मला त्यांचा रागच आला.

त्यानंतर त्या घरात दूध कधीच उतू गेलं नाही. सुरुवातीला वंदनाला याचं कौतुक. "आमच्याकडं दूध ठेवून खुशाल बाजारात जावं!" मग तिनं ते सांगणंच सोडलं. मी सगळं करून बघितलं. पातेलं बदललं, शेगडी बदलली, इंडक्शन आणलं. सणसरच्या मावसभावाकडून धारोष्ण दूध आणलं. कडेपर्यंत यायचं आणि खाली बसायचं. एकदा वंदना तेच दूध, तेच पातेलं घेऊन रस्त्यापलीकडच्या गायकवाडवहिनींकडं गेली. ती जमीन आबाची नव्हे. तिथं झाकण काढायच्या आत त्यांचा ओटा भरला. मी वहिनींची माफी मागितली आणि फडकं घेऊन ओटा पुसून दिला.

दोन-तीन वर्षं अशीच गेली. मग एका दुपारी दारात एक बाई उभी राहिली. पासष्टीची असेल, हातात पेरूची पिशवी, डोळ्याला हिरवी पट्टी.

"आबाची भन मी. वरकुट्याची कमल. डोळं दाखवाय आल्ते दवाखान्यात. म्हटलं, आमचं रान बघून जावं."

बाकावरची बाई उंच, काळीसावळी होती. ही माझ्या खांद्याला लागेना.

वंदनानं त्यांना आत घेतलं, बसवलं, चहाला दूध ठेवलं. कमलमावशी घरभर बघत होत्या, पण टाइल्स नाही, नळ नाही. खिडकीतून दिशा लावत होत्या.

"हितं चिंच व्हती. तितं आमची दगडाची दावण. माजे मालक गेले, पोरबाळ न्हाय. पुतन्याच्या घरात ऱ्हाते. वाईट न्हाय वो त्यो, पर त्येची बायकू भांडं वाजवून दावती. आबा म्हनतो, 'कमे, तुजा वाटा हाय तसा ठिवलाय. तितंच तुला खोली बांधून दीन.' आता म्हातारपनात एक आपली खोली असावी, व्हय का न्हाय? कवा कुठलं घर माजं म्हटलंच न्हाय मी." मग माझ्याकडं वळल्या. "सर, तुमी शिकल्यालं मानूस. ह्यातली माजी जागा कुठली असंल, तेवढं दावता का?"

आणि स्वयंपाकघरातून चर्रर्र असा आवाज आला.

वंदना ओरडली. मी धावलो. दूध पातेल्याच्या चारी बाजूंनी ओसंडत होतं, शेगडी विझली होती, ओट्यावरून धार लागली होती. वंदना गॅस बंद करायचं सोडून दोन्ही हात तोंडावर धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी. कमलमावशी मागून आल्या. "अगं, सांडलं तर सांडू दी की! नव्या घराला बरं असतंय."

मी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर काय दिलं, माहीत आहे? म्हणालो, "मावशी, चहा घ्या."

त्या चहा घेऊन गेल्या. मी त्यांना एसटीपर्यंत सोडलं, पेरूंबद्दल आभार मानले. दुसऱ्या दिवशी दूध पुन्हा कडेपर्यंत आलं आणि खाली बसलं. आजही तेच चालू आहे.

कमलमावशींना एसटीत बसवल्यावर मी तडक आबाकडं गेलो होतो. तो द्राक्षाच्या मांडवात खुर्ची टाकून बसला होता. मी ओरडलो – आयुष्यात पहिल्यांदाच बहुतेक. म्हणालो, सख्ख्या बहिणीच्या तोंडावर खोटं बोलताना तुम्हाला काही वाटत नाही?

तो उठलासुद्धा नाही. "सर, मी सायबाफुडं काय बोललो? एक शब्द न्हाय. वळख कुनी पटवली? तुमी. बसा, द्राक्षं खा."

अजून अंगाचा तिळपापड होतो. त्याच्या निर्ढावलेपणामुळं नव्हे... तो खरं बोलत होता म्हणून. आणि त्या सगळ्यांमुळं, जे हक्कसोडीचा विषय निघाला की मला म्हणाले, 'सर, एवढं चालतंच.' वकील म्हणाला, बँकेतला म्हणाला, स्टाफरूममध्येही एक जण म्हणाला. कुणाला चालतं? वरकुट्याला पुतण्याच्या पडवीत भांड्यांचा आवाज ऐकत जी बाई बसलीय, तिला विचारलं का कुणी? घर घेताना लोक मला सल्ला विचारतात. मी कर्जाच्या हप्त्याचं सांगतो, पावसाळ्यात घर बघा म्हणून सांगतो. 'बहिणींच्या दारात जाऊन या' हे एकदाही सांगितलं नाही. आज सांगतोय. जा. त्यांचं तोंड बघा, त्यांच्या हातचं पाणी प्या, मग टाइल्स बघा.

दुधाचं म्हणाल तर मला उत्तर सापडलेलं नाही. खाली कुणीतरी लिहील, भेसळ असेल, उंचीचा फरक असेल, हवेचा दाब असेल. लिहा. ते सगळं मी तुमच्याआधी तपासलंय. त्या दुपारी त्या एका पातेल्यात वेगळं काय होतं, मला सांगता येत नाही. त्या बाईच्या येण्याशी त्याचा संबंध होता, असंही मी म्हणणार नाही. म्हणायला मला काही आधार नाही.

दुसरी गोष्ट मात्र मला नीट माहीत आहे. मी बोललो तर हे घर कोर्टात जाईल, कदाचित हातातून जाईल, आणि वंदनाला पुन्हा कुणाच्या तरी परवानगीनं खिळा ठोकावा लागेल. म्हणून मी गप्प होतो. कमलमावशींनी विचारलं होतं, माझी जागा कुठली. 'मावशी, मी उभा आहे ती. ती तुमच्याकडून घेताना मी खोटं बोललो' – हे त्यांच्या दारात जाऊन सांगणं, आणि मग तेच साहेबासमोर सही करून देणं, इतकं मी त्यांचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.