पूजलेली फ्लॉपी

वस्तू कधी हरवत नसते, आपणच भलत्या ठिकाणी शोधत असतो, यावर आमच्या भाऊजींची जेवढी श्रद्धा होती तेवढी सगळ्या नागपुरात कुणाची देवावरही नसेल. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. घरात काही सापडेनासं झालं की या माणसाला उत्सवाचं उधाण यायचं. ताईचा चष्मा गेला की हे हातातला चहा ठेवून उठलेच! "चश्मा कुठं हाय ते राहू दे. तू कुठं पाहून रायली, ते सांग!" देवळातून चपला गेल्या तेव्हा तर अनवाणी घरी येईपर्यंत त्यांचा आनंद मावत नव्हता.

भाऊजी आणि मी दोघंही नोकरीला होतो त्या बर्डीवरच्या कंपनीत नवा कॉम्प्युटर आला आणि भाऊजींना स्वर्ग दोन बोटं उरला. खापरखेड्याच्या वीजकेंद्राला जाणाऱ्या कोळशाच्या गाड्यांचा हिशोब करणारा प्रोग्राम मी लिहिला होता. तो मशीनमध्येच असे. त्याला लागणारी तयार कोडची फ्लॉपी मात्र मशीनच्या दोन खाचांपैकी डाव्या खाचेत घालावी लागे. भाऊजींनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मशीनले अक्कल नाही वं. ते शोधत नाही. सांगितल्या जागीच पाहते."

खंडेनवमीला भाऊजींनी मशीनला हार घातला, फ्लॉपीला हळदकुंकू लावलं, आणि दुपारी मुंबईचे साहेब अचानक दारात! प्रोग्राम आत्ता चालवून दाखवा, नाहीतर मशीन मुंबईला परत. म्हणजे माझी नोकरीही गेलीच. मी बटणं दाबली. पडद्यावर उत्तर आलं, फाइल सापडत नाही. पुन्हा तेच. साहेब घड्याळ पाहू लागले. मी तीच बटणं दाबत राहिले, आणि भाऊजी? वायरी हलवत, टेबलाखाली वाकत नुसते फुलले होते!

शेवटी मीच ओरडले, "भाऊजी, मशीन कुठं पाहून राहिलं? फ्लॉपी कुठं हाय?"

त्यांनी कपाळावर हात मारला. "उजव्या खाचेत! देवाची वस्तू डावीकडं कशी ठेवू?"

मी फ्लॉपी काढायला हात पुढे केला, तर ते किंचाळले, "हात नको लावू वं! पूजलेली वस्तू दसऱ्यापर्यंत हालवत नाही! पत्ता बदल!"

साहेबांच्या देखत मी प्रोग्रामला दिलेला पत्ता बदलला. डाव्याऐवजी उजवी खाच. मशीन घुरघुरलं आणि कोळशाच्या गाड्या ओळीनं पडद्यावर आल्या! भाऊजींनी आनंदाच्या भरात साहेबांनाच मिठी मारली. मशीन राहिलं, मीही राहिले. कुंकू साहेबांच्या शर्टाला लागलं, तेवढंच काय ते नुकसान.

आता भाऊजी नाहीत. ती फ्लॉपी वाचणारं मशीनही कुठं उरलं नाही. खंडेनवमीला मात्र मी ताईकडे जाते आणि ती फ्लॉपी पाटावर उजव्या हाताला ठेवते. गेल्या वर्षी ताई म्हणाली, "तिले जराशी डावीकडं सरकव ना वं, समईले जागा नाही होऊन राहिली."

मी समई सरकवली.