सांडशी गेली, बुरूज आला

वाल्पुर्ग आल्प्सच्या टिरोलमधल्या एका डोंगरगावच्या पाववाल्याची मुलगी. सतरा वर्षांची असताना चित्रकार येर्गने चर्चच्या वेदीवरच्या चित्रात संत अपोलोनियाला तिचा चेहरा दिला. त्या संतेचे दात छळ करून उपटले होते, म्हणून हातात सांडशी, सांडशीत दाढ; दातदुखीवाले तिलाच साकडं घालत. तेव्हापासून गावात कुणाची दाढ ठणकली की तो चित्रापुढे मेणबत्ती लावून थेट वाल्पुर्गच्या दारात येई.

"हात लाव गं पोरी गालाला."

"आजोबा, मी पाव भाजते, दाढा नाही!"

"चित्रातही अशीच तिरकी बघतेस. लाव हात."

अशी आठ वर्षं गेली. मिठाच्या गाड्या हाकणाऱ्या व्हिगिलने तिला मागणी घातली. बाप म्हणाला, "गावानं सोडली तर ने. नाहीतर लोक माझी भट्टी फोडतील." व्हिगिलने नोव्हेंबरातल्या संत मार्टिनच्या सणापर्यंतची मुदत दिली. पुढे खिंड बर्फाने बंद होते.

वाल्पुर्गने येर्गला गाठलं. "माझा चेहरा पुसा."

"चेहरा कशाला? हातातली वस्तू बदलली की संत बदलते. गवंड्यांना बार्बरा हवीच आहे. तिला बापानं बुरुजात कोंडलं होतं. सांडशीच्या जागी बुरूज काढतो, तीन खिडक्यांचा."

"आणि दार?"

"दार मी कधी काढत नाही."

बुरूज झाला. नऊ दिवस कुणी फिरकलं नाही. बापाला अडवायला कारण उरलं नाही. तिने पेटी भरली आणि सणाच्या सकाळी ती व्हिगिलच्या गाडीत चढली. तेवढ्यात गवंड्याची बायको आफ्रा धावत आली.

"वाल्पुर्ग, उतर! आमचे धनी परांचीवरून पडले. पाद्रीबाबा खालच्या गावी गेलेत. मरणाआधीचा शेवटचा प्रसाद मिळाल्याशिवाय जातील गं! बार्बरा उशाशी असली की माणूस तग धरतो."

"मी बार्बरा नाही, आफ्रा."

"मग बुरूज काय उगाच काढला?"

व्हिगिल म्हणाला, "बर्फ सुरू झालंय. मी थांबू शकत नाही."

आफ्राने गाडीचं चाक दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. वाल्पुर्ग उतरली.

ती गवंड्याचा हात धरून बसली. दुपारी पाद्रीबाबा आले. गवंड्याने प्रसाद घेतला आणि मगच डोळे मिटले. तो आधीच गेला असता तर बरं, गाडी तरी गाठता आली असती, असं क्षणभर तिच्या मनात येऊन गेलं होतं.

ती बाहेर आली तेव्हा गाडीच्या चाकोऱ्या बर्फाने भरल्या होत्या. दाराशी दोघंजण टोप्या हातात घेऊन उभे होते. एकाची आई अखेरच्या घटका मोजत होती, दुसऱ्याचा भाऊ.

"आधी कुणाकडे?" तिने विचारलं.