शहराची बातमी, गावाची बातमी

आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिला. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना कोल्हापुरातल्या एका दैनिकात मला अर्धवेळ काम मिळालं, तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते शिरोली एमआयडीसीत, स्वतः ओतकाम करायचे त्या फौंड्रीत सगळ्यांना सांगितलं. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती. मी तिथं नेमकं काय करतो, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. मीही कधी सांगितलं नाही.

काम असं होतं. बातमीदार बातमी आणून द्यायचा आणि मी ती दोनदा लिहायचो. एकदा ग्रामीण आवृत्तीसाठी, जी आजऱ्यापासून सगळ्या तालुक्यांत जायची आणि आमच्या गावातही यायची. दुसऱ्यांदा शहर आवृत्तीसाठी. आमचे उपसंपादक शांत माणूस होते. खोटं एक अक्षर लिहायचं नाही, असं ते बजावायचे. पण ऊसदरासाठी रस्ता अडवला, तर गावात ‘शेतकऱ्यांचा संताप’ आणि शहरात ‘प्रवाशांचे हाल’. दोन्ही खरंच असायचं. मला ते लवकर जमलं, आणि आज लिहायला अवघड वाटतं, पण मला त्याचा अभिमान होता.

मग आबांच्या फौंड्रीतून आठ जणांना काढलं आणि बाकीचे कामगार गेटवर बसले. आबाही बसले. संध्याकाळी ती बातमी माझ्याच टेबलावर आली. माझे वडील तिथं आहेत, हे मी उपसंपादकांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बातमी दुसऱ्या कुणाकडे गेली असती. मला वाटलं, निदान गावाकडची तरी मी चांगली लिहीन. लिहिलीही. ‘आठ जणांना मालकाने रस्त्यावर आणले, कामगार गेटवर ठाम’. मग चहा पिऊन शहराची लिहायला घेतली. ती कारखानदार वाचणार, व्यापारी वाचणार. ‘मूठभर कामगारांकडून कारखाना वेठीस, ऑर्डरी अडकल्या’. आठ जणांना ‘कमी करण्यात आले’ हे अगदी शेवटी घातलं. कुणी कमी केलं, ते त्या वाक्यात कुठंच नव्हतं.

कामगार बहुतेक खेड्यांतले. त्यांना गावाकडचीच बातमी दिसली. तिचं कात्रण त्यांनी गेटजवळच्या बोर्डावर चिकटवलं. दुसऱ्या दिवशी मी आबांचा डबा घेऊन गेलो, तर दोघांनी उठून मला बसायला जागा दिली.

त्यांच्यात शहरातच, शिवाजी पेठेत राहणारा एक जण होता, आबांच्याच वयाचा, बोलायला तिखट. त्याने पिशवीतून घडी घातलेला पेपर काढून माझ्या हातात दिला.

“पेपरवाले, ही आमच्या पेठंत आलीया. वाचा की जरा मोठ्यानं.”

मी घडी उघडली. शहर आवृत्ती. चाळीसेक माणसं माझ्याकडे बघत होती. मी वाचायला सुरुवात केली, पण समोर छापलेलं वाचलंच नाही. गावाकडची मला पाठ होती, तीच म्हणत गेलो. नजर मात्र शहराच्या ओळींवरून फिरवत होतो. माणसं माना डोलवत होती. पेठेतल्या माणसाने मला शेवटपर्यंत वाचू दिलं. मग तो आबांना म्हणाला, “पोरगं छापल्यापरास बेस वाचतंय की.”

ऐकणाऱ्यांना ते कौतुकच वाटलं. आबा हसले नाहीत. त्यांनी पेपर मागून घेतला. ते चौथी शिकलेले, अक्षर जुळवत, ओठ हलवत वाचायचे. त्यांची बातमी वाचून होईपर्यंत मी उभाच होतो. मग ते मला कंपाउंडच्या कडेला घेऊन गेले.

“ही कुणी लिवली?”

“मी.”

“आन् बोर्डावरची?”

“ती बी मीच.”

“मूठभरात मी बी आलो न्हवं?”

आजच काम सोडतो, एवढं मी म्हणालो. आबा ‘सोड’ म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी तसं म्हणावं, अशी माझी फार इच्छा होती.

“सोडू नगंस,” ते म्हणाले. “तू सुटशील. तुझ्या जागी येईल त्यो गावाकडची बी ह्या शहराच्यासारखीच लिवंल.”

त्या संध्याकाळी मी कामावर गेलो. माणसं गेटवर बसली होती तेवढे दिवस रोज दोन्ही बातम्या लिहिल्या. शहराची जरा मऊ करून बघितली, तर उपसंपादकांनी न रागावता ती पुन्हा पहिल्यासारखी करून दिली. बोर्डावर कात्रणं वाढत गेली. पेठेतल्या माणसाने शहराचा पेपर पुन्हा गेटवर आणला नाही. आबांनी त्याला काय सांगितलं, ते मला कधीच कळलं नाही.

घरी आबांनी हा विषय पुन्हा काढला नाही. पण त्यानंतर कुठलाही पेपर हातात आला, की ते आधी वरच्या कोपऱ्यात आवृत्ती कुठली ते बघायचे आणि मगच वाचायचे. मी समोर असलो, तर घडी घालून बाजूला ठेवायचे.